दोन रेघांमधली चार बोटं

दादा,

शहापूरच्या ऑर्डरीचा पाळणा कारखान्यात अजून तसाच टांगलेला आहे. त्याच्या उभ्या दांड्यावर पेन्सिलीच्या दोन रेघा आहेत, खालची तुझी आणि वरची माझी. मधे चार बोटांचं अंतर. कठडा तुझ्या रेघेवर संपवायचा की माझ्या, यावरून त्या सकाळी आपण भांडलो. तू म्हणालास, "जेवून येतो, मंग बघू," आणि जेवून आडवा झालास तो उठलाच नाहीस. परवा तेरावं झालं. मांडव निघाला, पाहुणे गेले, भाड्याची भांडी परत गेली. भांडण मात्र जिथल्या तिथे आहे. मी घाबरले आहे, दादा. तू गेलास म्हणून रडते ते वेगळं, त्याला सोबत आहे, वहिनी आहे, तुझी मधू आहे. या घाबरण्याला कुणी सोबत नाही.

मी भित्री आहे हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. गॅस बंद केला का हे घरातून निघाल्यावर परत येऊन बघणारी मी. तापीच्या घाटावर पाय ठेवण्याआधी पायरीवर शेवाळ आहे का ते चपलेने घासून बघणारी मी. तू चिडवायचास की देवाने हिला डोळे दिलेत पण त्यांना फक्त संकटं दिसतात. आणि दुकानात गिऱ्हाईक आलं की हेच कौतुकानं सांगायचास, "आमच्याकडे दोन मशिनी आहेत. एक माझं डोकं, एक हिची भीती. दोन्ही चालल्या तरच माल बाहेर पडते." लोक हसायचे. मला राग यायचा, मी आत जाऊन नवारीच्या गुंडाळीवर तो काढायचे. आता एक मशीन बंद पडली, आणि दुसरी एकटी कशी चालवायची हे मला कुणी शिकवलेलं नाही.

आपले बाबा दारं-खिडक्या करायचे. तू इंदूरला चित्रकला शिकून आलास आणि आल्या आल्या जाहीर केलंस की मी पाळणे करणार. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. माझं लग्न बुऱ्हाणपुरातच, लालबागेत झालेलं, आमचे हे कागदाच्या कारखान्यात पाळीवर जायचे, दुपारी मी मोकळी. तू म्हणालास, तळाची नवार विणायला ये, हात चांगला आहे तुझा. मी नवार विणायला आले आणि "हे असं नको" म्हणायला राहिले. मला पगारच त्याचा होता असं वहिनी म्हणते.

तुला केळफुलाचा पाळणा आठवतो ना? मला न आठवून कसं चालेल. तू सागवानाच्या पट्ट्या वाकवून केळफुलासारखा पाळणा केलास, एका टोकाला निमुळता, बाहेरून गडद लाल रंग, आतून फिकट पिवळा. इतकं देखणं काम या गावात कुणी केलं नसेल. मी विचारलं, वजन पेलेल का? तू निंबोल्याहून केळीचा भरगच्च घड आणवलास, त्यात ठेवलास आणि झोका दिलास. घड असा बसला की जणू त्याच्या मापानंच पाळणा बेतला होता. कुठे हलेना, कुठे कलेना. आपण दोघंही खूश. आपल्याकडे वजन म्हटलं की केळीचा घडच सुचतो, दुसरं काही सुचतच नाही. पाळणा निंबोल्याच्याच एका बाईंनी नेला आणि पंधरवड्यात निरोप आला, बाळ झोपलं की घसरत घसरत निमुळत्या टोकाला जातं आणि मान मुडपते. घड निमुळता असतो दादा, बाळ नसतं. तू स्वतः जाऊन तो पाळणा परत आणलास. त्या बाईंनी पाळणा देताना सांगितलं, "दिसाले लय चांगला होता हो, आम्ही त्याच्यात केळीच पिकवून राह्यलो होतो." तू हे येऊन सांगितलंस तेव्हा मी हसून हसून खाली बसले. तू हसला नाहीस. बरेच दिवस तू कागदावर काही काढलं नाहीस, नुसता बाबांच्या जुन्या रंध्यांना धार लावत बसायचास.

त्यानंतर शेजारच्या घरची बकरी व्यायली आणि तुझ्या डोक्यात प्रकाश पडला. घड झोपून राहतो, पोर झोपून राहत नाही, म्हणून वजनाला घड आणि खोडीला बकरीचं पिल्लू. तेव्हापासून आपला एकही पाळणा पिल्लाशिवाय बाहेर गेला नाही. पिल्लू आत ठेवायचं, झोका द्यायचा, आणि ते कठड्यावर पाय टाकून बाहेर पडतं का ते बघायचं. गिऱ्हाइकांना वाटायचं आपण काही नवस-बिवस करतो. आपले सुतार सलीमभाई रंधा बाजूला ठेवून हसत बसायचे, "भाईसाब, ये पास हो गया तो बच्चा तो पास ही है." गुण बकरी देत होती आणि पेपर मी तपासत होते. बरे दिवस होते ते.

लोक आता तुझ्याबद्दल बोलतात तेव्हा कलाकार म्हणतात. "कलाकार माणूस होता, व्यवहाराचं कळत नव्हतं त्याला." मला ते ऐकवत नाही. तुला व्यवहार कळत नव्हता असं मी तोंडावर हजारदा म्हटलं असेल, पण ते मी म्हणायचं, यांनी नाही. तू माझी एवढी "नाही" ऐकलीस. कठड्याच्या कोपऱ्याला नक्षी नको, बोट अडकेल. तळाला केळीचा धागा नको, ओला झाला की बुरशी धरेल, तळाला सुती नवारच. घुंगरू नको, पोर गिळेल. तू कपाळावर हात मारायचास, "तू अशीच बोलत राहिलीस तर शेवटी पेटी बनेल, पाळणा नाही." आणि मग दुसऱ्या दिवशी नक्षी कोपऱ्यावरून उचलून मधोमध न्यायचास, आणि ती तिथे जास्त शोभायची. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. तुला कळतच असेल असं वाटायचं.

आता शहापूरचं. त्या आजी भेटायला आल्या होत्या, वहिनीजवळ बसून रडल्या. मला धाकधूक होती की दुखवट्याच्या घरातला पाळणा नको म्हणतील. जाताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "बारसं सव्वा महिन्यानं करून राह्यलो आम्ही. तुमचं सगळं होऊ द्या. पण पाळणा हाच पाहिजे बाई. त्यानं रुपालीले शब्द दिला होता." रुपाली म्हणजे त्यांची मुलगी, बाळंतपणाला माहेरी आलेली. तिचं सिझेरियन झालं, टाके ओढतात, खाली गादीवर बसलेली असते, बाळ रडलं की प्रत्येक वेळी उठून वाकून बघणं तिला जमत नाही. ते ऐकूनच तू कठडा खाली घेतला होतास. तिला बसल्या जागेवरून बाळाचं तोंड दिसलं पाहिजे, एवढंच तुझं म्हणणं.

मी म्हटलं, आज दिसेल, पण पाच-सहा महिन्यांनी पोर कठडा धरून उठायला लागेल तेव्हा काय?

तू म्हणालास, "पाळण्यात पोर झोपते, पण पाळणा त्याच्या मायसाठी असते. तिले ते दिसलं नाही तर ती रात्रभर जागी राहीन."

मी म्हटलं, दिसणं ही शोभा झाली, पडणं हा अपघात आहे.

"अव, दिसणं हे पण कामच आहे ना!" तू इतक्या जोरात म्हणालास की सलीमभाईंनी करवत थांबवली. "शोभा बाहेरून बघणाऱ्यासाठी असते. हे आतल्या माणसाचं काम आहे. तू आधी इथं खाली बस, मंग बोल."

माझे गुडघे दुखत होते, मी बसले नाही. तू जेवायला गेलास.

इथवर लिहून पत्र ठेवलं होतं, पुढचं आता लिहिते. काल मी कारखाना उघडला. मधूने बाहेरचं अंगण लोटून काढलं होतं. ती तुझ्यासारखी दिसायला लागली आहे, विशेषतः विचार करताना ओठ चावते तेव्हा. तिने विचारलं, "आत्या, मग फायनल काय करायचं? ते लोक फोन करून राह्यले." सलीमभाई करवत घेऊन उभे. "दीदी, आप बोलो. कौन से निशान पे काटूँ?"

मी म्हटलं, "वरच्या."

आणि कुणी हुज्जत घातली नाही.

दादा, मी तुझ्या जागेकडे बघितलं, तू असतास तर आता कपाळावर हात मारला असतास, पेटी म्हणाला असतास, मला खाली बस म्हणाला असतास. मधू म्हणाली, "ठीक है आत्या, तू बोलशील तसं." सलीमभाईंनी करवत रेघेवर टेकवली. आजवर माझं प्रत्येक "नाही" तुझ्याशी झटापट करून अर्धं व्हायचं, कधी पावच उरायचं, आणि तेवढंच लाकडात उतरायचं. काल पहिल्यांदा ते पूर्णच्या पूर्ण उतरणार होतं. मला डोळ्यांसमोर पुढचे सगळे पाळणे दिसले, उंच कठड्याचे, कोपरे गोल केलेले, नक्षी नसलेले, घुंगरू नसलेले. त्यांतून एकही पोर पडणार नाही आणि एकाही आईला आतलं काही दिसणार नाही. माझ्या एकटीच्या भीतीचे पाळणे. मी ओरडले, "थांबा!" सलीमभाई दचकले, करवतीचा एक ओरखडा दांड्यावर राहिला आहे, तो घासून काढावा लागला.

मी त्यांना चहाला पाठवलं आणि मधूला वहिनीकडे. दार लोटून घेतलं. तेराव्याचे नारळ उरले होते, त्यातला एक पंच्यात गुंडाळून पाळण्यात ठेवला, बाळाचं डोकं तेवढंच असतं. आणि मग बसले एकदाची खाली, भुशात, गुडघ्यांची करकर ऐकत. माझ्या रेघेवर पुठ्ठा धरला तर नारळ दिसत नाही. नुसतं सागवान. पुठ्ठा तुझ्या रेघेवर आणला तर पंच्याच्या घडीतून नारळाचा अर्धा भाग नीट दिसतो. तू खरं बोलत होतास. मग उठून मी पाळण्यात दोन्ही हात घालून, पोर कठडा धरून उठतं तसा हातांचा भार टाकून बघितला, तर तुझ्या रेघेवरून तो बाहेर जातो. मीही खरं बोलत होते. त्याचा काय उपयोग? दोघंही खरे असलो की तूच काहीतरी काढायचास. मी फक्त काय नको ते सांगायचे.

मी तिथेच बसून रडले, आणि रडता रडता मला तुझा राग आला. इतकी वर्षं मला फक्त "नाही" म्हणायला ठेवलंस. "हो" म्हणायचं ते तू म्हणायचास, म्हणून मला ते कधी म्हणावंच लागलं नाही. मला किती निश्चिंत ठेवलं होतंस, हे मला काल कळलं.

तुझ्या रेघेवर लाकूड संपवायचं, हे मी कधी ठरवलं ते आठवत नाही. माझ्या रेघेवर नुसती एक बारीक गोल दांडी. मधल्या चार बोटांत लाकूड नाही, नक्षी नाही, पांढऱ्या सुताची जाळी. मी दोन-तीन गाठी मारून बघितल्या आणि लगेच माझी जुनी मशीन सुरू झाली. पोर दांडी चघळणार, म्हणून वर पॉलिश नको, साधं तेल. जाळीत बोट अडकेल, म्हणून घर लहान. पण फार लहान केलं तर दिसणार नाही. जाळीवर पायाचं बोट टेकवून चढेल, म्हणून आणखी लहान, आणि सूत बारीक. मूठ जाऊ नये, अंगठा टेकू नये, नजर जावी. चार वेळा उसवलं. मधू परत आली तेव्हा माझ्या मांडीवर सुताचा पसारा होता.

"आत्या, हे काय करून राह्यली तू?"

मी सांगितलं. ती खाली बसली, माझ्यासारखी कुरकुर न करता, आणि जाळीतून आत बघितलं. "अरे, मस्त है!" म्हणाली.

मला मस्त नको होतं. मी तिला विचारलं, यात चूक काय आहे ते सांग. ती म्हणाली काही नाही. मी म्हटलं, असेलच, नीट बघ, हाताने ओढ, शिव्या दे मला, पण काहीतरी सांग. पोरगी घाबरली बिचारी. तिला वाटलं आत्याचं डोकं फिरलं. सलीमभाईंना विचारलं तर ते म्हणाले, "दीदी, भाईसाब देखते तो खुश होते." दोघांनीही मला पसंती दिली आणि मला रात्रभर झोप आली नाही. आज सकाळी पिल्लू आणलं, जुनं आता दाढी आलेला बोकड झालंय, म्हणून दुसरं. त्याने दांडीवर पाय टाकले, जाळीला धडक दिली, बें केलं आणि खाली बसलं. पास.

आज बारसं झालं, म्हणून हे पत्र पुन्हा उघडलंय. शहापूरला जाताना टेम्पोत मी पाळण्याबरोबर मागे बसले. मधू म्हणत होती पुढे बस, मी ऐकलं नाही. खड्डा आला की मी दोन्ही हातांनी दांडी धरायचे, जणू आतून कुणी पडणार आहे. त्यांच्या ओसरीत आढ्याला कडी होती, तिला मी आधी लोंबकळून बघितलं, त्यांच्या जावयाला हसू आलं, येऊ दे. बायका जमल्या, बाळाला कुंची घातली, कानात नाव सांगितलं, पाळणा म्हटला. मी तळाशी हात धरून उभी. सगळं झालं, बायका हळदीकुंकवाला वळल्या, तरी मी उभीच. आजी म्हणाल्या, "अव बाई, आता तरी हात काढ. झोपलं पोरगं."

मी हात काढला.

रुपाली गादीवर टेकून बसली होती. तिने पाळण्याकडे बघितलं, मान थोडी तिरकी केली, मग सरळ केली. नुसती बघत राहिली. बऱ्याच वेळाने आईला म्हणाली, "दिसते मले. इथूनच दिसते." आणि उशीवर डोकं टेकवून डोळे मिटले. दादा, ती झोपली. भर बारशाच्या गलक्यात झोपली.

तुझ्यासाठी मला त्या वेळी इतकं बरं वाटलं की मी ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिले. तुझा शब्द राहिला. एक बाई जवळ येऊन म्हणाली, "शेवटचा ना हा त्यांचा? हात ओळखू येते." मी हो म्हणाले. खोटं नव्हतं ते. पण जाळीच्या गाठी माझ्या होत्या, आणि ते मी बोलले नाही, आणि बोलावंसं वाटलं, हेही तुला सांगते.

निघताना तुकईथडची एक बाई आडवी आली. तिच्या सुनेला जुळी झाली आहेत. म्हणाली, दोघांसाठी एकच पाळणा होते का, एकमेकांकडे तोंड करून झोपतील असा? दोन डोकी, दोन वजनं, एक जागं झालं तर दुसऱ्याचं काय, झोका एका बाजूला कलणार, साखळीवर ताण वेगळा. माझ्याकडे या एका वाक्याला दहा "नाही" तयार असायला हवी होती. तू हा प्रश्न घेऊन आला असतास तर मी तुला दारातूनच परत पाठवलं असतं. आणि माझ्या तोंडून गेलं, "करू ना."

मधूने चमकून माझ्याकडे बघितलं.

टेम्पोत येताना मी डोळे मिटले तर तो पाळणा मला दिसत होता. मधे कमरेसारखा एक बाक, दोन्हीकडे जाळी. मी विचार करत नव्हते दादा, तो आपोआप दिसत होता, आणि केळीच्या बागा मागे जात होत्या आणि माझं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. काय चुकेल याचा विचार मनात आला तो बुऱ्हाणपूर आल्यावरच. इतका वेळ मी भ्याले नव्हते. इतका वेळ मला मजा येत होती. हे लक्षात आलं तेव्हा मला दरदरून घाम फुटला.

ही मजा तू रोज घ्यायचास. तुला ती सुखाने घेता यायची, कारण तुला अडवायला मी होते. मधू माझ्यावर विश्वास ठेवते, सलीमभाई "आप बोलो" म्हणतात, शहापूरच्या ओसरीत ती बाई तुझाच हात ओळखू येतो म्हणते. उद्या मी तुकईथडच्या पाळण्याचं चित्र काढायला बसणार आहे, आणि मला माहीत आहे की ते मला आवडणार आहे. दादा, मला कोण अडवणार?